नव्या पिकअपच्या ऑइलमध्ये डिझेल उतरते तेव्हा आधी काय तपासावे

आपली अडचण थोडक्यात अशी आहे. बीएस-सहा डिझेल पिकअप घेऊन दीड वर्ष झाले. गाडी पहाटे होटगी रस्त्यावरून सिद्धेश्वर मार्केट यार्डात जाते आणि तिथून शहरातल्या दुकानांवर भाजीपाला पोचवते. ऑइल बदलून पाच हजार किलोमीटरही झालेले नाहीत, तरी डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे आणि पट्टीला डिझेलचा वास येतो आहे. सर्व्हिस सेंटर म्हणते, या गाड्यांत हे चालायचेच. ओळखीचे मिस्त्री चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदला म्हणतात, आणि आणखी एकाने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, काढूनच टाकण्याचा सल्ला दिला आहे. यातले कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

मी सोलापुरात बरीच वर्षे डिझेल गाड्यांचे काम करतो आणि बीएस-सहा आल्यापासून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. माझे मत असे की तिघांपैकी कोणाचेही तूर्त ऐकू नये, कारण डिझेल कोणत्या वाटेने ऑइलमध्ये येते आहे, हा मूळ प्रश्न तिघांनीही तपासलेला नाही. वाटा मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे डीपीएफ स्वच्छ करण्यासाठी इंजिन स्वतःच जादा डिझेल सोडते ती, आणि दुसरी म्हणजे एखादा इंजेक्टर किंवा पंपाचे सील गळते ती. पहिलीवर उपाय गाडी चालवण्याच्या पद्धतीत आणि ऑइल बदलण्याच्या अंतरात असतो, तर दुसरीवर सुटा भाग बदलण्यात. एकीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे जातात आणि ऑइल वाढतच राहते.

पहिली वाट नीट समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हे धुराचे प्रदूषण-मानक लागू झाले, तेव्हापासून अशा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ती भरत आली की साठलेली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी जाळीत सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शहरात हळू चालणाऱ्या पिकअपचा धूर दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपासच असतो. ही तफावत भरून काढण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मुख्य स्फोट होऊन गेल्यानंतर, पिस्टन खाली जात असताना, थोडे डिझेल पुन्हा फवारतो. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळावे असा हेतू नसतो. ते वाफ होऊन सायलेन्सरकडे जावे, डीपीएफच्या आधीच्या उत्प्रेरकावर जळावे आणि त्या उष्णतेने काजळी पेटावी, अशी ही योजना आहे. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात, आपण गॅरेजात नुसते रिजन म्हणतो. मात्र त्या क्षणी सिलिंडरमधला दाब आणि उष्णता दोन्ही उतरलेली असतात, त्यामुळे फवाऱ्यातला काही भाग बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीवर बसतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठते त्या तळाच्या भांड्यात, उतरतो.

थोडे डिझेल उतरणे हे या रचनेतच गृहीत धरलेले आहे, आणि सर्व्हिस सेंटरच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. फरक पडतो तो रिजन पूर्ण होते की अर्धवट राहते यावर. साधारणपणे रिजनला दहा ते वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. तुमची गाडी यार्डातून निघते, पुढच्या दुकानावर थांबते, बंद होते, पुन्हा निघते. रिजन सुरू होते आणि दोन-तीन किलोमीटरवर किल्ली बंद होते. काजळी तशीच राहते, पण तोवर फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरलेले असते. इंजिन पुन्हा गरम झाले की ईसीयू पुन्हा सुरुवात करतो आणि पुन्हा डिझेल सोडतो. कांद्याच्या हंगामात यार्डाच्या दारात इंजिन चालू ठेवून तासभर रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे तर यात फारच नुकसान होते, कारण नुसत्या आयडलवर काजळी भरत राहते आणि ती जाळण्याइतकी उष्णता कधीच तयार होत नाही.

उतरलेले डिझेल इंजिन तापल्यावर उडून जाईल, असे अनेकांना वाटते. पेट्रोलच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. डिझेल मात्र साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळते आणि चेंबरमधले ऑइल शंभर अंशांच्या आसपास असते, म्हणून त्याचा हलका भाग तेवढा उडतो आणि जड भाग ऑइलमध्येच मुरतो. रस्त्यालगत स्वस्तात मिळणारे, बायोडिझेल म्हणून विकले जाणारे इंधन या गाडीत चुकूनही भरू नका. बायोडिझेल त्याहून जड असते, ऑइलमधून जवळजवळ निघतच नाही आणि कालांतराने ऑइल खराब करते.

यामुळे नुकसान किती होते, हे आकड्यांतून स्पष्ट दिसते. ४० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावा लागतो, ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५ या पट्ट्यात. ऑइलमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळले की ते साधारण एक ग्रेड खाली येते. म्हणजे आपण ४० चे ऑइल भरलेले असते आणि बेअरिंगला मिळते ते ३० चे. मूळ ऑइलच ३० चे असेल, तर ते त्याही खाली जाते. क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून वेगळे ठेवणारा ऑइलचा थर अत्यंत पातळ असतो, आणि भरलेली गाडी चढावर ओढताना त्या थरावर सगळा भार येतो. टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याचे बेअरिंग पातळ ऑइलवर फार काळ तग धरत नाही.

चेंबर सहा लिटरचे धरले तर पाच टक्के म्हणजे ३०० मिलिलिटर. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत एक ते दीड लिटरचे अंतर असते, म्हणजे पातळी त्या अंतराच्या एक पंचमांश ते जवळपास एक तृतीयांश एवढी वाढली तरी मर्यादा गाठली असे समजावे. शिवाय प्रत्येक इंजिन थोडे ऑइल खातेच, त्यामुळे वाढ दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असते. आठ हजार किलोमीटरमध्ये ऑइल थेंबभरही उतरले नाही, असे जे मालक समाधानाने सांगतात, त्यांच्या गाडीचे ऑइल मी आवर्जून तपासतो.

आता तपासणीकडे वळू. ही कोणीही घरी करू शकतो आणि तिला खर्च नाही. ऑइल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, सपाट जागेवर पट्टी काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि पातळी वहीत लिहा. ही पहिली नोंद फार महत्त्वाची आहे, कारण अनेक ठिकाणी ऑइल मुळातच अर्धा लिटर जास्त भरलेले असते आणि त्याचा दोष नंतर डिझेलला लागतो. पुढे दर ५०० किलोमीटरला त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने नोंद करा. संध्याकाळी गरम इंजिनवर एकदा आणि सकाळी थंडावर एकदा, अशा नोंदींची तुलना होत नाही.

या नोंदींसोबत रिजन केव्हा झाले तेही लिहा. काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो, काहींत लागत नाही, पण लक्ष दिले तर कळते. उभ्या गाडीची रेस नेहमीपेक्षा थोडी वाढलेली असते, रेडिएटरचा पंखा किल्ली बंद केल्यावरही फिरत राहतो, गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो आणि त्या फेरीत अॅव्हरेज पडते. पातळी रिजनच्या आसपासच वाढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावरच्या लांब भाड्यानंतर ती थांबत असेल किंवा किंचित उतरत असेल, तर डिझेल रिजनच्या वाटेने येते आहे असे समजावे. रिजन झालेले नसतानाही पातळी वाढत असेल, किंवा पुण्याला जाऊन आल्यावर ती उलट आणखी चढलेली दिसली, तर गळतीचा संशय घ्यावा. दोन-तीनशे किलोमीटरमध्ये अर्धा लिटर चढले तर तो संशय जवळजवळ पक्का होतो आणि गाडी चालवणे लगेच थांबवावे.

वासावरून मात्र निर्णय करू नका. या इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलला थोडा डिझेलचा वास असतोच. टिपकागदावर थेंब टाकून डागाभोवती पसरणारे फिकट वलय बघण्याची जुनी रीत उपयोगी आहे, पण तिने डिझेल आहे एवढेच कळते, प्रमाण कळत नाही. प्रमाण हवे असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तिथे घट्टपणा, पेट घेण्याचे तापमान आणि डिझेलची टक्केवारी मोजली जाते. नव्या ऑइलचे पेट घेण्याचे तापमान २०० अंशांच्या वर असते आणि डिझेल मिसळले की ते स्पष्टपणे खाली येते. दोन टक्क्यांच्या आत असेल तर मी चिंता करत नाही, पाचच्या पुढे गेले तर ऑइल त्याच दिवशी बदलतो. ऑइल दुधाळ झाले असेल आणि कूलंटची बाटली रिकामी होत असेल, तर मात्र ते पाणी आहे, डिझेल नव्हे, आणि तो विषय हेड गॅस्केटचा किंवा ऑइल कूलरचा आहे.

इंजेक्टरबद्दल. नोझलमधून थेंब गळत असेल तर सकाळी सुरू होताना पांढरा धूर, एकाच सिलिंडरची ठकठक आणि आयडलला थरथर, यांपैकी काहीतरी सहसा दिसतेच. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे दुरुस्ती-मूल्य, म्हणजे ईसीयू त्याचे डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा, दिसते, त्यात एक बाकीच्यांपेक्षा फार वेगळे असेल तर त्या एका इंजेक्टरकडे बघावे. परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून कोणत्या इंजेक्टरमधून किती डिझेल परत येते हे मोजण्याची चाचणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता चारही बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही. काही इंजिनांत या परतीच्या जोडण्या वरच्या कव्हरच्या आत असतात, तिथले वॉशर किंवा रिंग गेली की डिझेल थेट ऑइलवर ठिबकते, म्हणून कव्हर उघडून बघणेही आवश्यक आहे. उच्च दाबाचा पंप टायमिंगच्या बाजूने फिरतो अशा इंजिनांत त्याच्या दांड्यावरचे सील डिझेल आणि ऑइल वेगळे ठेवते. ते गळले तर बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि चेंबर मात्र भरत जाते.

इथे एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण तो आपल्या भागात वारंवार घडतो आणि कोणी त्याकडे बघत नाही. सांगोल्याकडून डाळिंबे वाहणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. लांब पल्ल्याची, हमरस्त्यावर चालणारी गाडी, म्हणजे हा त्रास तिला व्हायलाच नको होता, तरी ऑइल वाढत होते. इंजेक्टरची चाचणी चांगली आली, पंपाचे सीलही ठीक होते. मग स्कॅनर लावून मंगळवेढा रस्त्याला गाडी काढली, तर भरल्या गाडीतही कूलंटचे तापमान पासष्ट अंशांच्या वर जाईना. थर्मोस्टॅटचे घर उघडले, आत वॉल्व्हच नव्हता. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. सोलापूरचा पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे जुन्या इंजिनांत ही युक्ती वर्षानुवर्षे चालत आली. बीएस-सहा इंजिनात मात्र ती घातक आहे. हा वॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तोवर इंजिन लवकर तापू देतो. तो नसला की इंजिन थंड राहते, रिजन सुरूच होत नाही किंवा लांबत जाते, थंड बोअरवर डिझेल जास्त बसते आणि चेंबरमधून उडून जाणारा हलका भागही उडत नाही. नवा वॉल्व्ह बसवला, ऑइल व फिल्टर बदलले, आणि पातळी स्थिरावली. आपल्या गाडीचाही थर्मोस्टॅट जागेवर आहे आणि वेळेवर बंद होतो याची खात्री सर्वांत आधी करा. त्याच बैठकीत डीपीएफच्या दाब-सेन्सरच्या रबरी नळ्या, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) आणि टर्बोच्या पाइपांचे जोड बघून घ्या, कारण यांतले काहीही बिघडले की काजळी जास्त होते किंवा जास्त झाल्याचा भास ईसीयूला होतो, आणि दोन्ही वेळी रिजन वाढतात.

तर तुमच्या गाडीचे वर्णन वाचून माझा अंदाज अर्धवट रिजनचा आहे. तो अंदाजच आहे, कारण गाडी मी पाहिलेली नाही. स्कॅनरवर शेवटची काही रिजन किती किलोमीटरच्या अंतराने झाली आणि त्यांतली किती पूर्ण झाली हे वाचता येते. गाडीगणिक फरक असला तरी अंतर काही शे किलोमीटरचे असेल तर ठीक, शंभर-दीडशेवर आले असेल तर नाही. गाडी कोणत्या रचनेची आहे त्यावरही बरेच अवलंबून आहे. युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असलेल्या गाड्यांत काजळी सहसा कमी बनते. ज्या लहान गाड्यांत अशी टाकी नसते, त्यांतल्या काहींमध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड धरणारा वेगळा सापळा असतो. तो साफ करायलाही अधूनमधून जादा डिझेल सोडावे लागते, म्हणून त्यांत ऑइल लवकर पातळ होते.

अंदाज बरोबर निघाला तर उपाय अवघड नाहीत. आठवड्यातून एकदा-दोनदा गाडीला सलग पळू द्या. मोहोळ किंवा तुळजापूरपर्यंतचे एखादे भाडे घेतले आणि साठ-सत्तरच्या स्थिर वेगाने, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून जाऊन आले, तर रिजन पूर्ण व्हायला पुरेसा वेळ मिळतो. रिजनची चिन्हे दिसत असताना दुकान आले तर, शक्य असेल तेव्हा, उतरवण्याआधी बाहेरच्या रस्त्याने एक फेरी मारून ते पूर्ण करा. यार्डाच्या रांगेत इंजिन बंद ठेवा.

ऑइल बदलण्याचे अंतर निम्मे करा. कंपनीच्या पुस्तिकेतला मोठा आकडा सामान्य वापरासाठी असतो. त्याच पुस्तिकेत खडतर वापराचे वेगळे कलम असते आणि रोजच्या छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात. पातळी वाढली म्हणून वरचे ऑइल नळीने काढून घेण्याची पद्धत चुकीची आहे, कारण पातळी खाली येते पण उरलेले ऑइल तेवढेच पातळ राहते. ऑइल बदलल्यावर स्कॅनरने ऑइलची नोंद शून्य करून घ्या. ज्या गाड्यांत ईसीयू रिजन मोजून मिसळलेल्या डिझेलचा अंदाज ठेवतो, तिथे हे केले नाही तर नव्या ऑइलवरही दिवा लागतो.

पातळ होते म्हणून मुळात जाड ऑइल, २०-डब्ल्यू-५० वगैरे, भरू नका. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड आणि लिहिलेला दर्जाच घ्या. डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते, पुस्तिकेप्रमाणे सीके-४ किंवा सी-३ दर्जाचे, कारण काजळी जळते पण ऑइलमधल्या क्षारांची राख जळत नाही, ती जाळीत कायमची साठते. जुने, जास्त राखेचे ऑइल घातले की जाळी अरुंद होत जाते, रिजन वाढतात आणि डिझेल पुन्हा ऑइलमध्येच येते.

गॅरेजात स्कॅनरने उभ्या गाडीवर करायचे रिजन हा शेवटचा उपाय समजावा. त्यातही बरेच डिझेल चेंबरमध्ये उतरते, म्हणून ते केल्यावर ऑइल बदलणे मी अपरिहार्य मानतो. ते करताना गाडी मोकळ्या फरशीवर हवी, खाली किंवा शेजारी कडबा, पोती, वाळलेले गवत काहीही नको. सायलेन्सर त्या वेळी आग लावण्याइतका तापलेला असतो.

डीपीएफ काढण्याबद्दल माझे मत ठाम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, वॉरंटी जाते आणि पीयूसीला अडचण येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवसभर मंडईत आणि शाळांसमोर उभ्या राहणाऱ्या गाडीची काजळी तिथल्या माणसांच्या छातीत जाते. आणि गळती इंजेक्टरची किंवा सीलची असेल तर डीपीएफ काढूनही ऑइल वाढतच राहील.

पातळी वरच्या खुणेच्या पुढे असताना गाडी चालवण्यातला एक धोका मात्र आजच लक्षात घ्या. जास्तीचे ऑइल क्रँकने घुसळले जाते, ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, रेस वाढतच जाते. असे कधी झाले तर गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा, म्हणजे इंजिन कोंडून बंद पडेल. तेव्हा हे ऑइल आणि फिल्टर आजच बदला आणि नोंदवही नव्या ऑइलपासून सुरू करा.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगून परत येऊ नका. जॉब कार्डवर ऑइलची वाढलेली पातळी, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, स्कॅनरचा रिजनचा अहवाल छापून मागा, आणि ऑइल बदलताना काढलेल्या ऑइलमधला पाव लिटर स्वच्छ बाटलीत भरून, वर तारीख व किलोमीटर लिहून स्वतःकडे ठेवा.